अँटिमनीकाका

वैशाखातल्या भर दुपारी बडोद्यात रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. अशा वेळी आमच्या वासणा भागातल्या सोसायटीत एक गृहस्थ काळी छत्री उघडून पार्किंगमध्ये फिरत असतात. एकेका गाडीपाशी थांबतात, काचेला हाताचा आडोसा करून आत डोकावतात, मान हलवून पुढच्या गाडीकडे जातात. मध्येच एखाद्या गाडीपाशी त्यांचा चेहरा पडतो. मग ते तडक गेटवर जाऊन इंटरकॉमवरून त्या गाडीच्या मालकाला झोपेतून उठवतात.

"नमस्कार, दळवी बोलतोय. तुमच्या मागच्या सीटवर पाण्याची बाटली तापतेय."

"बरं, मग?" पलीकडून जांभई.

"मग काही नाही. ते पाणी पिऊ नका. कुणाला देऊही नका. घाबरवत नाही, सांगून ठेवतो."

एकदा नवा वॉचमन आला होता. त्याने दळवीकाकांना गाडीच्या काचेला नाक लावलेलं पाहिलं आणि सरळ कॉलर धरून सोसायटीच्या सेक्रेटरी हंसाबेन यांच्या दारात उभं केलं. हंसाबेन उन्हाने लाल झालेल्या काकांकडे बघत राहिल्या आणि मग पोट धरून हसत वॉचमनला म्हणाल्या, "अरे भाई, ए चोर नथी. ए तो अमारा अँटिमनीकाका छे!"

कॉलर सुटल्याबरोबर काका वॉचमनला म्हणाले, "तुमच्या खुर्चीखालची बाटलीपण उन्हात आहे."

गजानन दळवी हे त्यांचं खरं नाव. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहतात. साठी उलटलेली, अंगाने काटकुळे, शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बंद. लग्न केलं नाही. सगळी नोकरी करजणच्या पलीकडे बॅटरीच्या प्लेटा बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत झाली. शिश्यात अँटिमनी नावाचा धातू किती मिसळला आहे, हे तपासणं त्यांचं काम.

"शिसं म्हणजे लाडावलेलं पोर," ते मला लिफ्टमध्ये सांगायचे. "नखाने ओरखडा काढा, निघतो. जरा भार टाका, वाकतं. त्यात थोडी अँटिमनी घाला, की वर्गात हेडमास्तर शिरल्यासारखं ताठ उभं राहतं. पूर्वी छापखान्यातले खिळे त्यामुळेच टिकायचे. अक्षराची कड मोडायची नाही."

"म्हणजे चांगलीच आहे की अँटिमनी."

"दिसायला चांदी आणि वागायला काच," काका आवाज खाली आणायचे. "हातोडी मारा, चक्काचूर. आणि पोटात गेली तर सख्खी बहीण कुणाची, माहीत आहे? सोमलाची!"

तेवढ्यात आमचा मजला यायचा. मी घरात शिरायचे ती आपल्याच स्वयंपाकघराकडे संशयाने बघत.

कारण काकांच्या म्हणण्याप्रमाणे ती सगळीकडे होती. पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिक बनवताना वापरतात म्हणून बाटलीत, आणि बाटली तापली की कणभर पाण्यात. आगीला दाद देऊ नये म्हणून वायरींच्या वेष्टणात, टीव्हीच्या पाठीत, सिनेमागृहाच्या पडद्यात. काडेपेटीतल्या काडीच्या गुलात. गणपतीत आरतीच्या वेळी निरांजन पेटेपर्यंत काका दाराबाहेर उभे राहायचे आणि धूर विरल्यावर आत येऊन सगळ्यांपेक्षा मोठ्याने आरती म्हणायचे.

"पण काका, हे सगळं मर्यादेच्या आत असतं ना?" माझ्या नवऱ्याने, मिलिंदने, एकदा विचारलं. मिलिंद रिफायनरीत इंजिनियर आहे. ज्वालाग्राही वस्तूंच्या शेजारी बसून डबा खाणारा माणूस.

"आहेच मर्यादेच्या आत," काका म्हणाले. "मर्यादा पाळली जातेय की नाही ते बघायला नको कुणी?"

"तुम्ही बघणार?"

"दुसरं कोण रिकामं आहे?"

हंसाबेनची आणि त्यांची एक चकमक सगळ्या सोसायटीला पाठ आहे. हंसाबेननी कुठल्याशा जत्रेतून सुरम्याची डबी आणली होती. काकांनी ती हातात घेतली, उन्हात धरली आणि हंसाबेनना गुजरातीत समजावलं की सुरमा म्हणजे मुळात अँटिमनीचा दगड. लांब लांब सुयांसारखे चकचकीत स्फटिक असतात त्याचे, मेणबत्तीवर धरला तरी वितळेल इतका हळवा. आपल्या देशात फारसा सापडत नाही, हिमाचलात वर बर्फाच्या नदीपाशी थोडा आहे म्हणतात. तेव्हा या डबीत तो असणं कठीण. हल्ली त्या नावाखाली बहुतेक शिश्याच्या दगडाची पूड विकतात.

"एटले आमां अँटिमनी नथी?" हंसाबेनचा चेहरा खुलला. "तो तो बहु सारुं!"

काकांनी कपाळाला हात लावला. शिसं त्याहून वाईट हे पटवेपर्यंत संध्याकाळ झाली. डबी शेवटी काकाच घेऊन गेले. "बिवडावतो नथी, कही राखुं छुं," असं जाताना म्हणाले. हंसाबेन मात्र चांगल्याच बिवल्या होत्या. आठवडाभर दर तासाला आरशात डोळे बघत होत्या.

त्यांच्याच मुलाच्या साखरपुड्याला काकांनी पंगतीत जी गोष्ट सांगितली, ती मी आजतागायत विसरू शकलेले नाही. पानात श्रीखंड वाढून झालं होतं. काका म्हणाले, युरोपात पूर्वी लोक पोट साफ करायला अँटिमनीची गोळी गिळायचे. धातूची, वाटाण्याएवढी. ती पोट ढवळून काढायची आणि जशीच्या तशी बाहेर पडायची. मग ती शोधायची, धुवायची, पुसून कपाटात ठेवायची. बापानंतर मुलाने, मुलानंतर नातवाने, तीच.

"वंशपरंपरागत," काका म्हणाले. "दागिन्यासारखी."

मुलीकडच्या एका बाईंनी हातातली पुरी खाली ठेवली. आमच्या ओळीत श्रीखंड बरंच उरलं.

माणूस असा. भित्रा म्हणावा तर विषाच्या शेजारी आयुष्य काढलेला, आणि धीट म्हणावा तर लिफ्ट जरा अडखळली की रामरक्षा सुरू करणारा. कुणी जिना धावत चढून आलं की त्याला बळेच बसवायचे. त्यांची हात मिळवण्याची पद्धतही निराळी होती. पंजा हातात यायचा, पण दोन बोटं सरकत सरकत समोरच्याच्या मनगटावर जाऊन नाडीवर थांबायची. बोलणं पावसापाण्याचं चाललेलं असायचं आणि काकांचं लक्ष आपल्या ठोक्यांकडे. बऱ्याच जणांना कळायचंही नाही. मला कळायचं, पण मी हात सोडवून घेत नसे.

गेल्या हिवाळ्यात माझ्या छातीत गाठ निघाली.

तपासण्या झाल्या. कॅन्सर होता. डॉक्टरांनी सांगितलं, लवकर सापडलाय, आधी केमो देऊ, मग ऑपरेशन. मी शाळेत गणित शिकवते. एरवी मला शक्यता वगैरे नीट समजतात. त्या दिवशी समोरचे डॉक्टर काय बोलतायत त्यातला एक शब्दही डोक्यात शिरत नव्हता. घरी येऊन मी कुकर लावला, शिट्ट्या मोजायला विसरले आणि डाळ करपली.

भीती अशी असते हे मला माहीत नव्हतं. ती दिवसभर पोटात बसून राहायची. भाजी चिरताना, मुलांच्या वह्या तपासताना, बंगळूरला असलेल्या मुलीशी फोनवर हसून बोलतानाही. सगळ्यात जास्त भीती मला रोगाची नव्हतीच, औषधाची होती. नसेतून काहीतरी आत जाणार आणि ते आत गेल्यावर परत काढता येणार नाही, ही कल्पनाच सोसवत नव्हती.

मी मिलिंदला निक्षून सांगितलं, "सोसायटीत कुणाला बोलायचं नाही. आणि समोर तर अजिबात नाही."

"का? काका बिचारे..."

"काका बिचारे मला त्या औषधात काय काय आहे ते सांगतील. मला ऐकायचं नाही."

पण लपवणार किती? एका दुपारी शाळेतून आले तर लिफ्टमध्ये काका. हातात लिंबाचा पाला. "केम छो वर्षाताई," म्हणत त्यांनी हात पुढे केला. मीही सवयीने दिला. बोटं सरकली, मनगटावर थांबली. लिफ्ट वर चालली होती.

"उभ्या उभ्या ठोके इतके जोरात?" ते म्हणाले. "जिना नाही चढलात, ऊनही नाही. काय झालंय?"

मला वाटलं, काहीतरी थाप मारावी. तोंड उघडलं आणि रडूच आलं. त्या पत्र्याच्या डब्यात मी त्यांना सगळं सांगून टाकलं. गाठ, केमो, सगळं.

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. माझ्या मनगटावरची बोटं त्यांनी चटका बसल्यासारखी काढून घेतली. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबली, कुणीतरी बटण दाबून निघून गेलं होतं. राहायला चौथ्यावर असलेले काका तिथेच उतरले आणि जिन्याकडे गेले. लिंबाचा पाला लिफ्टमध्ये पडून राहिला.

त्यानंतर ते दिसलेच नाहीत. समोरचं दार सकाळपासून बंद. पार्किंगमध्ये छत्री नाही. हंसाबेन विचारू लागल्या, "अँटिमनीकाका बिमार छे के शुं?" मला आतल्या आत लागलं. काडेपेटीला घाबरणारा माणूस, माझ्या आजाराला घाबरला तर नवल काय, अशी मी स्वतःची समजूत घातली. तरी येता-जाता समोरच्या कुलपाकडे नजर जायचीच.

पहिल्या केमोच्या सकाळी आम्ही खाली आलो, तर काका आमच्या गाडीपाशी उभे. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला शबनम, हातात स्टीलचा पाण्याचा डबा.

"मी येतो," ते म्हणाले.

मिलिंदने माझ्याकडे बघितलं. माझ्यात नाही म्हणण्याइतकी ताकद नव्हती. काका मागच्या सीटवर बसले आणि हॉस्पिटल येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांचे ओठ मात्र हलत होते. रामरक्षाच असणार.

केमोच्या खोलीत पेशंटबरोबर एकालाच सोडतात. अर्थातच मिलिंद आला. रिफायनरीत आगीच्या कवायती घेणारा माझा नवरा. सिस्टरने माझ्या हातात सुई सरकवली, नळीत रक्ताचा थेंब दिसला आणि मिलिंद खुर्चीतून सरळ खाली घसरला. दोन सिस्टर धावल्या, मला सोडून त्यालाच बीपी लावलं, पाणी पाजलं, बाहेर नेऊन बसवलं. त्याही अवस्थेत मला हसू आलं आणि लगेच भीतीने गारठायला झालं. आता मी एकटी होते.

दार उघडून काका आत आले. हातपाय धुऊन, तोंडाला मास्क लावून. माझ्याशेजारी बसले. सिस्टरने लाल औषधाची पिशवी स्टँडला अडकवली. सरबतासारखं लालभडक.

"सिस्टर, आमां शुं छे?" काकांनी विचारलं.

सिस्टरने औषधाचं नाव सांगितलं. काकांनी मान हलवली. मी वाट बघत होते, पण ते पिशवीवरचं लेबल वाचत बसले.

शेवटी मीच म्हटलं, "सांगा काका. तुम्हाला माहीत असेल, काय करतं हे."

"ऐकायचंय?"

"न ऐकता जास्त भीती वाटतेय."

"इतके दिवस तेच वाचत होतो. लायब्ररीत जाऊन, ओळखीच्या डॉक्टरांना विचारून," काका म्हणाले. "केस जातील, ते येतील परत. मळमळेल. लघवी लाल होईल, रक्त नाही ते, रंग आहे, घाबरून जायचं नाही. आणि हृदयावर भार येऊ शकतो. म्हणूनच आधी तुमचा इको काढला. काढला ना?"

"हो."

"काय आलं?"

"चांगलं आहे म्हणाले."

"पुन्हाही काढतील. विचारा त्यांना, आणि विसरलात तर मी विचारीन." त्यांचा आवाज कापत होता. "म्हणजे इथे कुणीतरी बघतंय. मोजून देतायत."

नळीतून लाल रंग खाली सरकू लागला. मी डोळे मिटले. तेवढ्यात माझ्या दुसऱ्या हाताचा अंगठा कुणीतरी मुठीत धरला. उघडून बघितलं तर काका. बघत होते मात्र पिशवीकडे.

"आमची शकू असा धरायची," ते म्हणाले.

मी काकांना इतकी वर्षं ओळखते. शकू हे नाव कधी ऐकलं नव्हतं.

"मोठी बहीण. वडील रेल्वेत, त्यांची बदली झाली उत्तर बिहारात. तिथे आम्हा दोघांना काळा आजार झाला. बारीक माशी चावून होतो. ताप हटत नाही, पोट नगाऱ्यासारखं फुगतं, अंग काळवंडत जातं. उपचार केला नाही तर माणूस वाचत नाही. तेव्हा तिथे त्यावर एकच औषध मिळायचं. रोज इंजेक्शन. कसलं, माहीत आहे?"

मी नकारार्थी मान हलवली.

"अँटिमनीचं."

बाहेर कुठेतरी स्ट्रेचरची चाकं वाजत गेली. काका हळू आवाजात बोलत राहिले.

"रोज पहिली सुई शकू घ्यायची. बाहेर येऊन म्हणायची, गजा, काही नाही रे, मुंगी चावल्यासारखं. खोटं बोलायची. भयंकर दुखायचं. मग मी आत गेलो की माझा अंगठा धरून उभी राहायची. एके दिवशी दवाखान्यातून घरी आलो. क्वार्टरच्या पायरीवर बसली. म्हणाली, गजा, छातीत कसंतरी होतंय, पाणी आण. मी गेलो, पेला भरून आणला..."

अंगठ्यावरची त्यांची मूठ आवळली.

"आजारानं हृदय थकलं की औषधानं, कुणी सांगितलं नाही. आईवडिलांनी विचारलं नाही. डॉक्टरांना कोण विचारतं? सुतकातच बाबांनी मला उचलून परत तिथेच नेलं. तीच सुई. मी किंचाळत होतो, नको, नको म्हणून. दोघांनी धरून ठेवलं. आणि मी बरा झालो. त्याच औषधाने." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. अंगठा सोडला नाही, एकाच हाताने पुसला. "पुढे रसायनशास्त्र घेतलं ते एवढ्यासाठीच. म्हटलं, बघू तरी ही बया आहे कोण. सगळी नोकरी तिच्याबरोबर काढली. पण अजून मला ठरवता येत नाही, तिच्या पाया पडायचं की तिला शिव्या घालायच्या."

"आणि त्या बाटल्या?" मी विचारलं.

"बाटल्यांनी कुणी मरत नाही हो. मला काय ते कळत नाही?" काका कसनुसं हसले. "पण त्या वेळी आत काय आहे, किती आहे, हे विचारायचं मला सुचलंच नाही. लहान होतो. आता सुचतं, तर विचारत बसतो."

पिशवी अर्धी रिकामी झाली होती. माझ्या पोटातली भीती गेली होती असं नाही, पण आता ती आमच्या दोघांच्या मध्ये बसली होती.

"काका, तुम्हाला इथे भीती नाही वाटत?"

"वाटते की. खूप वाटते," ते म्हणाले. "तू तिकडे बघू नकोस. माझ्याशी बोल."

त्यांनी मला 'तू' म्हटलेलं त्यांच्या लक्षातही आलं नाही.

त्यानंतर दर खेपेला हेच ठरून गेलं. मिलिंद बाहेर बाकावर, काका आत. केस गेले. काकांनी माझ्या डोक्याकडे एकदा बघितलं आणि शेवउसळ खाणार का, एवढंच विचारलं. मळमळीने मला पाण्याचा वास सहन होईना, तेव्हा ते माठातलं पाणी वाळा घालून आणायला लागले. डॉक्टरांच्या मागे लागून त्यांनी इकोचा दिवस ठरवून घेतला. डॉक्टर मला म्हणाले, "बेन, तमारा भाई बहु सवाल पूछे छे." मी त्यांची चूक दुरुस्त केली नाही. हंसाबेन सांगायच्या की माझ्या केमोच्या आदल्या रात्री काकांच्या खिडकीत दिवा जळत असतो. मला ते ठाऊक आहे, असं मी काकांना कधी दाखवलं नाही.

ऑपरेशनही झालं. परवाची तपासणी स्वच्छ आली. पुढची येईपर्यंत मी घाबरणार, ती झाली की त्यापुढच्या तपासणीला घाबरणार, हे आता मला माहीत आहे. त्याची सवय करून घेतेय.

मला मात्र आठवतो तो शेवटच्या केमोचा दिवस. बाहेर ऊन रणरणत होतं, खोलीत एसीची घरघर. पिशवीतला शेवटचा थेंब उतरला, सिस्टरने सुई काढून कापूस दाबला आणि म्हणाली, "बस बेन, पती गयुं." संपलं, हे काकांना सांगायला मी मान वळवली.

काका झोपले होते. मान एका खांद्यावर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मास्क हनुवटीवर घसरलेला, तोंड अर्धवट उघडं. बारीक घोरत होते. कायम कशाची तरी चाहूल घेत ताणलेला तो चेहरा असा सैल पडलेला मी कधी पाहिला नव्हता. एखाद्या शाळेतल्या मुलासारखे दिसत होते.

"काकाने उठाडुं?" सिस्टरने विचारलं. खुर्ची रिकामी व्हायची वाट बघत पुढची बाई दारात उभी होती. तिच्या डोक्यालाही रुमाल होता. तिने काकांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हातानेच खुणावलं, असू दे, थांबते मी.

मिलिंद दारातून डोकावला. "झालं ना? चला."

मी ओठांवर बोट ठेवलं.